कार्यक्रमानंतरची भेट

समूहगायनाच्या कार्यक्रमात एक माणूस असा असतो, की ज्याचा आवाज आपल्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही ऐकू येत नाही. तो आपल्याकडे पाठ करून उभा असतो. त्याच्या हाताच्या खुणेवर चाळीस माणसे एकदम श्वास घेतात, एकदम तोंड उघडतात आणि एकदम थांबतात. पण गातात ती, तो नव्हे. तरीही कार्यक्रम संपला की आपण धावतो ते त्यालाच भेटायला. हार त्याच्या गळ्यात, शाल त्याच्या खांद्यावर, फोटो त्याच्याबरोबर. मागच्या रांगेत उभी राहून दीड तास ऑल्टोचा सूर धरून ठेवणारी बाई एव्हाना कोपऱ्यात आपली पर्स शोधत असते.

या माणसाला कंडक्टर म्हणतात. आपल्याला कंडक्टर म्हटले की एसटीचा कंडक्टर आठवतो, आणि खरे सांगायचे तर ही उपमा काही अगदीच चुकीची नाही. तोही गाडी चालवत नाही. पण त्याने घंटी दिल्याशिवाय गाडी हलत नाही. फरक इतकाच, की पंढरपूर आले म्हणून एसटीच्या कंडक्टरला कुणी हार घालत नाही.

गेल्या आगमनकाळात आपल्या धर्मग्रामातील आम्ही नऊ जण पुण्याला नाताळगीतांचा एक कार्यक्रम ऐकायला गेलो होतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्या गायकवृंदाचे संचालक म्हणजे एकेकाळी आपल्याच चर्चमध्ये चार आवाजांत गायला शिकवणारे सर. रेल्वेच्या नोकरीमुळे ते सोलापुरात होते, पुढे बदली झाली आणि गेले. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि जुन्या मंडळींना सांगायची गरज नाही. आम्ही परत आल्यावर रविवारी मिस्सानंतर एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले, "एवढा खर्च करून गेलात, ते गाणे ऐकायला की माणसाला बघायला?"

प्रश्न हसण्यावारी नेता आला असता. पण त्यावर विचार करू लागलो तसा तो अवघड होत गेला. म्हणून हा लेख.

आधी त्या भेटीबद्दल थोडे. कार्यक्रम संपल्यावर आम्ही रंगमंचामागे गेलो. भेट म्हणून सोलापुरी चादर आणि शेंगाचटणी नेली होती. सर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. बूट काढलेले, सदरा पाठीला चिकटलेला, हातात कागदी कपातला चहा. व्यासपीठावर ताठ दिसलेला माणूस जवळून बराच थकलेला दिसला. आम्ही पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग एकेकाकडे निरखून पाहू लागले. नावे त्यांना आठवत नव्हती. आवाज आठवत होते. "तू टेनर. घाई करायचास." "तुम्ही सोप्रानो, खिडकीकडच्या." एका मुलीला म्हणाले, "तुझी आई ऑल्टोत होती ना?" आई आता नाही, असे तिला सांगावे लागले. सर काही वेळ गप्प बसले. मग त्यांनी एका जुन्या गीतातली ऑल्टोची ओळ अगदी हळू गुणगुणून दाखवली. ती ओळ त्या बाई नेहमी किंचित उशिरा उचलत. सरांनीही ती तशीच, किंचित उशिरा उचलली.

नंतर विचारले, "बेसला सध्या कोण आहे?"

कुणी उत्तर देईना. आपल्या बेसच्या तिघांपैकी एक पुण्यात कंपनीत आहे, एक आखातात आहे आणि एक आपल्या दफनभूमीत आहे. "आम्ही आता सगळे एकाच सुरात गातो, कीबोर्ड लावून," असे शेवटी आमच्यातील एकाने सांगितले. सर रागावले नाहीत. "एका सुरात गाणेही सोपे नसते," एवढेच म्हणाले, "नीट गायचे ठरवले तर." चहा संपवून ते उठले, गाणाऱ्यांची बस निघायची होती आणि सगळे आले की नाहीत हे मोजून पाहायचे होते. हे कामही कंडक्टरचेच.

त्या पंधरा मिनिटांत त्यांनी "कार्यक्रम कसा वाटला?" असे एकदाही विचारले नाही. आम्ही मात्र तेच सांगण्याची तयारी करून गेलो होतो.

आता बाईंचा प्रश्न. माणसाला मोठेपणा द्यावा की देऊ नये? 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात लुस्त्र गावातील प्रसंग आहे. पौलाने एका पांगळ्याला बरे केले, तेव्हा लोकांना वाटले की देवच माणसांच्या रूपाने उतरले. पुजारी बैल आणि फुलांचे हार घेऊन वेशीपाशी आला. पौल आणि बर्णबा यांनी अंगावरचे कपडे फाडले आणि गर्दीत शिरून लोकांना विनवले, की आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत. हार घेऊन आलेल्या माणसांपासून इतके घाबरलेले पाहुणे आपल्या सत्कार समारंभांत सहसा दिसत नाहीत! त्याच अध्यायात पुढे त्याच गावात पौलाला दगडमार झाला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्यांनी एखाद्याला देव केले, त्यांनाच तो माणूस निघाला म्हणून राग येतो.

पण म्हणून आभारही मानू नयेत काय? लूककृत शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच परत येतो. तो शोमरोनी असतो. बाकीचे नऊ कुठे आहेत, असे येशू विचारतो. परत येऊन तोंडाने आभार मानणे हे येशूला क्षुल्लक वाटले नाही. आम्ही पुण्याला गेलो त्यात काही वावगे केले असे आम्हाला वाटत नाही. ज्याने आपल्याला काही दिले, त्याच्याकडे परत जावे. फक्त त्या गोष्टीत पुढे काय होते ते पाहावे. येशू त्या माणसाला पायाशी बसवून ठेवत नाही. ऊठ आणि आपल्या वाटेने जा, असे सांगतो.

पाय ओढून घेतलेल्या सरांवरून आम्हाला आपल्या जिल्ह्यातले एक दृश्य आठवले. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरच्या वाटेवर वारकरी एकमेकांना भेटतात तेव्हा हा त्याच्या पाया पडतो आणि तोही याच्या पडतो. लहान-मोठा, बुवा आणि टाळकरी असा भेद नाही. कीर्तनात बुवा पुढे उभे असतात खरे, पण मागे टाळकऱ्यांनी साथ सोडली तर बुवांचे कीर्तन पाच मिनिटांत आटोपेल, हे दोघांनाही ठाऊक असते. मान तर द्यायचा, पण तो एकाच बाजूला साचू द्यायचा नाही, असे काहीतरी त्या वाकण्यात आहे. आमच्या मते लुस्त्रच्या हारांपेक्षा ही रीत पुष्कळ शहाणी आहे.

संगीताबाबत मात्र आणखी एक अडचण आहे, आणि ती संत ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वी मांडली. आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या दहाव्या भागात तो स्वतःच्या इंद्रियांची झडती घेतो आणि कानांपाशी येऊन थबकतो. मिलानच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या सुमारास, इसवी सन 387 मध्ये, स्तोत्रे ऐकून त्याला रडू आले होते. ते अश्रू खरे होते, असे तो मानतो. पण कधी कधी गीतात जे सांगितले आहे त्यापेक्षा गाण्याचाच आपल्यावर जास्त परिणाम होतो, हेही त्याला दिसते. अशा वेळी आपण पाप केले, गाणे ऐकलेच नसते तर बरे, असे तो म्हणतो. अलेक्झांड्रियाचे संत अथनेशियस स्तोत्रे इतक्या साध्या स्वरात वाचायला लावत, की ते गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळ जाई. तेच ठीक की काय, असाही विचार त्याच्या मनात येतो. शेवटी तो चर्चमधील गायनाच्या बाजूनेच झुकतो, पण मनातली धाकधूक लपवत नाही. एवढ्या मोठ्या विद्वानाने हा प्रश्न पुरता न सोडवता ठेवला, याचे आम्हाला बरे वाटते.

ऑगस्टीनला भीती होती ती देवापाशी न पोहोचता गाण्यापाशी अडकण्याची. आपल्या काळात माणूस गाण्यापाशीही पोहोचत नाही, गाणे बसवणाऱ्यापाशीच अडकतो. आणि तिथे नुसते अडकणेच नव्हे, अनर्थही होऊ शकतो. जर्मनीत रेगेन्सबर्ग येथे कॅथीड्रलचा मुलांचा गायकवृंद आहे. त्याची परंपरा हजार वर्षांची आणि कीर्ती जगभर. 2017 साली एका वकिलाने केलेल्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. 1945 पासून त्या संस्थेतील 547 मुलांनी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसल्याचे त्यात नमूद होते. अनेक वर्षे लोक ते सूर ऐकायला जात होते, ते शिकवणाऱ्यांना मानवंदना देत होते, आणि मुलांना कसे वागवले जाते हे विचारत नव्हते. इतके सुंदर गाणे बसवणारी माणसे वाईट कशी असतील, असेच वाटत राहिले असणार. धर्मग्रामाच्या पत्रकात हे लिहावे की नाही यावर आमच्यात चर्चा झाली. लिहावे असे ठरले, कारण आपलीही मुले कुणा ना कुणाकडे गाणे, नाच, क्रिकेट शिकायला जातात, आणि नावाजलेल्या शिक्षकाला प्रश्न विचारायला आपण कचरतो.

म्हणजे आदर असावा तो डोळे उघडे ठेवून. हे सहज पटते. पण आम्हाला जास्त टोचली ती दुसरी गोष्ट. आदराच्या आडून आपण स्वतःची सुटका करून घेतो. "सरांसारखे सर होते म्हणून ते जमले, आपल्याला कुठले जमायला!" हे वाक्य परतीच्या प्रवासात आमच्या डब्यात तीन-चार वेळा तरी ऐकू आले. ऐकायला नम्र आहे. पण एखाद्याला इतक्या उंच नेऊन बसवले की त्याच्यामागून चालण्याची जबाबदारी आपोआप संपते. मूर्तीला नैवेद्य दाखवला की झाले, मूर्ती काही "बेसला कोण आहे?" असे विचारत नाही. संतांच्या बाबतीतही आपण हेच करतो, पण तो विषय मोठा आहे.

आदर करावा कसा, याचे एक उदाहरण मुंबईत आहे. आकाशवाणीत काम केलेले व्हिक्टर परंज्योती यांनी 1956 साली तेथे एक गायकवृंद उभा केला. पुढे तो परंज्योती अकॅडमी कोरस या नावाने देशात-परदेशात गाजला. गाणारे हौशी, निरनिराळ्या धर्मांचे, दिवसा आपापली नोकरी-धंदा करणारे. 1967 मध्ये परंज्योती वारले. अशा वेळी आपल्याकडे काय होते ते आपण जाणतो: शोकसभा, तसबीर, दरवर्षी पुण्यतिथीला दोन भाषणे, आणि काम बंद. येथे त्यांच्याच गायकवृंदात गायलेल्या कूमी वाडिया ही पारशी बाई पुढे आली आणि त्यांच्या जागी उभी राहिली. भारतात गायकवृंदाचे संचालन करणाऱ्या स्त्रिया तेव्हा जवळपास नव्हत्याच. पुढे अनेक दशके त्यांनी तो गायकवृंद चालवला. त्यात युरोपातील जुने धार्मिक संगीत होते आणि वनराज भाटिया यांनी भगवद्गीतेतील शब्दांवर केलेली समूहगायनाची रचनाही होती. परंज्योतींविषयी त्यांना किती आदर होता हे आम्ही कशाला सांगावे! दर आठवड्याच्या सरावातून तो दिसत राहिला.

बाईंचा विषय निघालाच आहे म्हणून आठवण. 22 नोव्हेंबर 1903 रोजी, संत सिसिलियाच्या सणादिवशी, पोप दहावे पायस यांनी चर्चमधील संगीताविषयी एक प्रसिद्ध पत्रक काढले. नाटकी, दिखाऊ गायन वेदीपासून दूर ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता आणि तो योग्यच होता. पण त्याच पत्रकात स्त्रियांना गायकवृंदात जागा नव्हती. उंच आवाज लागलाच तर लहान मुलगे घ्यावेत, असे होते. आज आपल्या गायकवृंदातून बायका वजा केल्या तर कोण उरेल, हे वाचकांनीच मोजावे. सिसिलियाचीही गंमत आहे. संगीताची आश्रयदाती म्हणून आपण जिला मानतो, तिच्याविषयीच्या जुन्या कथेत ती मोठ्याने गात नाही. लग्नात वाद्ये वाजत असतात आणि ती मनातल्या मनात देवासाठी गाते.

म्हणजे न गाणाऱ्यालाही जागा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या आहेत: गायकवृंद जोपासावेत, आणि जमलेल्या सर्व भाविकांनाही आपला वाटा उचलता यावा. त्याच दस्तऐवजाने देशोदेशीच्या लोकांच्या स्वतःच्या संगीतालाही मान दिला. एरवी आपल्या मिस्सात पेटी-तबला आला नसता. ज्याचा घसा चालत नाही त्याने मन लावून ऐकावे, तेही उपासनेत सहभागी होणेच आहे. आमचे म्हणणे ज्यांचा घसा न्हाणीघरात उत्तम चालतो त्यांच्यापुरते आहे.

समूहगायनात एक युक्ती असते, ती सरांनी आम्हाला पूर्वी शिकवली होती. लांबलचक ओळ एका श्वासात कुणालाच पुरत नाही. मग शेजारी-शेजारी उभ्या असलेल्यांनी एकाच जागी श्वास घ्यायचा नाही. हा थांबला की तो गात असतो, तो थांबला की हा. ऐकणाऱ्याला वाटते ओळ कुठे तुटलीच नाही. प्रत्येक जण मधे थांबलेला असतो, पण कोण कधी थांबले हे कळत नाही. यासाठी माणसे मात्र पुरेशी लागतात. आवाजामागे एकच माणूस असेल तर त्याला श्वास घ्यायची सोय नाही. बेसमध्ये शेवटी एकटा उरलेल्या आपल्या बांधवाने हे दोन नाताळ अनुभवले होते.

आणि एका सुरात गाणे म्हणजे काही कमीपणा नव्हे, हेही येथे नोंदवले पाहिजे, कारण सरांच्या त्या वाक्याचा काहींनी उलटा अर्थ घेतला. ग्रेगोरियन गायन एका सुरातलेच. आपल्या खेड्यांतील ख्रिस्ती भजने एका सुरातलीच. संगीतकार वसंत देसाई यांनी हजारो शाळकरी मुलांना एका मैदानावर बसवून एका सुरात, एका तालात गाऊन घेतले; चार आवाज करणे त्यापेक्षा सोपे असेल. आपल्याकडची अडचण एका सुराची नाही. कीबोर्डचा आवाज मोठा ठेवला की न गाणारे झाकले जातात, ही आहे. गेल्या महिन्यात मिस्साच्या वेळी वीज गेली तेव्हा प्रवेशगीत किती जण गात होते ते सर्वांना ऐकू आले. वेदीसेवक मुलांसह अकरा.

सरांना नेलेली चादर त्यांनी ठेवून घेतली. शेंगाचटणी बसमधल्या मुलांनी संपवली असे नंतर फोनवर कळले. त्याच फोनवर त्यांनी एका गीताच्या बेसच्या ओळी पाठवतो म्हणून सांगितले आणि आठवड्याने त्या टपालाने आल्या. हाताने लिहिलेल्या, सारेगममध्ये, खाली मराठी शब्दांसह. पत्र वगैरे काही नव्हते.

सराव शनिवारी सायंकाळी साडेसहाला, चर्चच्या मागच्या खोलीत असतो. बेसच्या बाजूला सध्या दोघे आहेत. एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, दुसरा अकरावीतला मुलगा. त्याचा आवाज नुकताच फुटला आहे आणि कुठे स्थिरावायचे ते अजून ठरलेले नाही. तिसऱ्याची खुर्ची पंख्याखाली आहे.